कार्तिकातली बांबूतोड: टोपली, घरटेपेटी आणि बेटातले शेजारी

तुळशीचं लग्न लागतं, भात झोडून घरात येतं, पायवाटेच्या दोन्ही अंगांचं गवत पिवळं पडू लागतं आणि सह्याद्रीच्या उतारावरच्या रानघरांत कोयत्यांना धार लागते. कार्तिकाच्या उतरणीपासून माघापर्यंत हे बांबू तोडायचे दिवस. याच दिवसांत बेटात आणि परसात मोठी ये-जा चालू असते. पावसाळ्यात घरटं केलेला नवरंग दक्षिणेकडे निघून गेलेला असतो. उत्तरेकडून थिरथिरा, धोबी, वटवटे येऊन आपापल्या जागा धरून बसलेले असतात. बेटाच्या बुडाशी पाचोळा उलटत कस्तुर फिरतो. म्हणून बांबू तोडणं आणि बेटातल्या जिवांना सांभाळणं ही दोन वेगळी कामं धरू नयेत. कोणता बांबू घ्यायचा, त्याची टोपली कशी विणायची आणि उरलेल्या कांड्या-फळ्यांतून माश्यांसाठी, पक्ष्यांसाठी काय करायचं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

बेटात शिरण्याआधी

पहिली पाच मिनिटं कोयता कमरेलाच ठेवा. लांब काठीने बुंध्यांवर टकटक करत बेटाभोवती एक फेरी मारा आणि नजर खांद्याच्या उंचीवरच्या फांद्यांवर ठेवा. चापडा तिथेच बसलेला असतो. हा हिरवा, तिकोनी डोक्याचा विषारी साप रात्री हिंडतो आणि दिवसा फांदीला वेटोळं घालून निश्चल पडून राहतो. चाहूल लागली तरी तो बहुधा पळत नाही, त्यामुळे हात त्याच्यावरच पडण्याचा धोका असतो. कोकणात बेटाच्या बुडाच्या दगडांत आणि पातेऱ्यात फुरसं असू शकतं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, जाड हातमोजे आणि उजेडातलं काम, एवढं पाळलंच पाहिजे.

साप चावला तर चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. लाकडाच्या पट्टीने तो स्थिर करा, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्याकडे निघा. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. चापड्याच्या विषावर ते बनवलेलं नसतं, म्हणून साप कसा दिसत होता हे डॉक्टरांना नीट सांगा. त्याला मारून सोबत नेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

फेरी मारताना घरटीही शोधा. अंडी-पिल्लं असलेलं घरटं ज्या बांबूवर आहे तो बांबू आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-तीन सोडून द्या. वन्य पक्ष्यांची घरटी-अंडी हलवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच मोडतं. बेटावर मोठ्या झाडाची फांदी टेकली असेल आणि तुमच्याकडे शेकरू असतील, तर ती फांदी छाटू नका. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाण्याची वाट तुटली की त्याचा तेवढा पट्टा तुटतो. झाडाच्या माथ्यावर फांद्या-पानांचे गोळे चार-पाच दिसले, तरी ती चार-पाच कुटुंबं नसतात. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो.

कोणता तोडायचा, कोणता ठेवायचा

बांबूची नावं गावागणिक बदलतात. कोकणातल्या माणग्याला काही गावांत मेस म्हणतात. देशावर आणि विदर्भात मानवेल असतो. काटेरी तो कळक, विदर्भात त्यालाच काटस म्हणतात. नावावर भांडण्यापेक्षा कांड कापून पाहा. भरीव किंवा जाड भिंतीचा बांबू काठ्या, मांडव आणि कुंपणाला द्या. लांब पेरांचा, पोकळ आणि सरळ चिरत जाणारा टोपलीला घ्या.

बांबू जमिनीतून येतो तोच आपली पूर्ण जाडी घेऊन. पावसाळ्यात कोंब फुटतो, दोन-चार महिन्यांत पुऱ्या उंचीला पोचतो आणि नंतर वर्षानुवर्षं फक्त टणक होत जातो. त्यामुळे जाडीवरून वय कळत नाही. यंदाचा बांबू हिरवागार असतो, अंगावर पांढरी भुकटी असते, बुडाशी पेरांवर वाळकी आवरणं चिकटलेली असतात आणि बाजूच्या फांद्या तुरळक असतात. दोन वर्षांच्या बांबूची आवरणं गळलेली असतात, पण रंग अजून हिरवा असतो. तीन-चार वर्षांच्या बांबूचा रंग मळकट होतो, त्याच्यावर दगडफुलासारखे ठिपके येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला की खणखणीत वाजतो. सर्वांत खात्रीचा उपाय अगदी साधा आहे: दर कार्तिकात त्या वर्षीच्या नव्या बांबूंवर छातीच्या उंचीवर ऑइलपेंटने वर्ष लिहा. चार वर्षांनी बेट स्वतःच वय सांगू लागतं.

टोपलीच्या चोयांना, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्यांना, दोन वर्षांचा बांबू लागतो. त्याहून जुना चिरताना तडकतो आणि वळवताना मोडतो. मांडव, कुंपण, शिडी यांना तीन-चार वर्षांचा हवा. यंदाच्या बांबूला हात लावू नये. त्याची चोय वाळली की आकसते, शिवाय पुढच्या पावसातल्या कोंबांना अन्न पोचवणारा तोच असतो.

कापताना चार गोष्टी सांभाळा. जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगेच वर, वीतभर उंचीवर कापा. गाठीच्या बऱ्याच वर कापलं तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साठतं आणि कूज खाली कंदापर्यंत उतरते. बेटाच्या बाहेरच्या कडेचे कापायला सोपे म्हणून तेच तोडत जाऊ नका, कारण नवे कोंब त्याच कडेला येतात. एका बाजूने घोड्याच्या नालासारखी वाट करून मध्यावर जा आणि तिथले जुने काढा. प्रत्येक बेटात यंदाचे सगळे आणि त्यांना आधार म्हणून किमान ८ ते १० पक्के बांबू उभे ठेवा. बेट सबंध कापून टाकलं तर पुढची दोन-तीन वर्षं काडीसारखे बारीक बांबू येतात.

अंधाऱ्या पक्षात तोडावा असा जुना रिवाज आहे आणि तो पाळायला काहीच हरकत नाही. पण खरा फरक पडतो तो ऋतूने. बांबूत साठलेलं पिष्ट पावसाळ्यात कोंब वाढवण्यात खर्ची पडतं, आणि वैशाखात, नवे कोंब फुटायच्या आधी, ते सर्वांत जास्त असतं. बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला हेच पिष्ट हवं असतं. वैशाखात तोडलेल्या बांबूखाली महिन्या-दोन महिन्यांत पिवळसर पिठाचे ढीग दिसू लागतात ते यामुळेच.

बेटाला फुलोरा आला असेल तर कोयता थांबवा. सबंध बेट फुलून मग मरतं, ते वाचवता येत नाही. पण बी पडेपर्यंत थांबलात तर रानकोंबड्यांची चंगळ होते आणि पहिल्या पावसात त्याच जागी रोपांचा गालिचा उगवतो.

आपल्या जमिनीतला बांबू तोडायला आणि वाहायला आता पूर्वीसारखी अडचण नाही. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. वनक्षेत्रातल्या बांबूला हे लागू होत नाही. कुंपणापलीकडचं बेट वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगीशिवाय एक कांबही आणू नका.

टिकवण

कापलेला बांबू पानांसकट बेटालाच टेकवून दहा-पंधरा दिवस उभा ठेवा. बुडाखाली दगड घाला, जमिनीला टेकू देऊ नका. पानं पाणी ओढत राहतात आणि बांबू सावकाश सुकतो. उन्हात आडवा टाकलेला बांबू पेरापेरात फाटतो.

छपराखाली वापरायच्या बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड उपयोगी पडतं. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड घ्या. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग उरलेलं पाणी घाला, नाहीतर तळाशी खडे बसतात. चिरलेल्या कांब्या तीन दिवस बुडवा. अख्ख्या बांबूच्या आतल्या गाठी लांब सळईने फोडून घ्या आणि तो आठवडाभर ठेवा. गाठी न फोडता बुडवला तर द्रावण आत जातच नाही आणि सगळी मेहनत फुकट जाते. हे मीठ पावसात धुपून जातं, म्हणून छपराखालच्या कामालाच ते धरा. उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, झाडांच्या मुळाशीही नको. झाकून ठेवा, पुढच्या खेपेला चालतं.

धान्य, फळं किंवा भाजी ठेवायच्या टोपलीला हे रसायन लावू नये. तिला चुलीचा धूर पुरतो. विणून सुकली की चुलीवरच्या माळ्यावर महिनाभर टांगा. काळसर तांबूस रंग चढतो आणि किडा सहसा फिरकत नाही.

टोपली: तोंड ३० सेंमी, उंची १५ सेंमी

साहित्य म्हणून सुमारे ६ सेंमी जाडीचा दोन वर्षांचा बांबू घ्या. त्याचा २ मीटरचा एक तुकडा चोयांना लागेल आणि ७५ सेंमीचे दोन तुकडे उभ्या कांब्यांना. हत्यारं दोनच: जड कोयता आणि चोया सोलायला पातळ पात्याची सुरी. मांडीवर घालायला जुनं गोणपाट हवंच.

चिरण्याची रीत नीट शिकून घ्या, कारण टोपली बिघडते ती बहुतेक इथेच. बांबूच्या शेंड्याकडच्या तोंडावर कोयता ठेवून लाकडी ठोकळ्याने मारा आणि निम्मे करा. निम्म्याचे पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे, असंच करत जायचं. एका कडेने पातळ फाक काढायला गेलात तर चीर त्या पातळ बाजूला पळते आणि फाक मध्येच तुटते. दोन्ही बाजूंना सारखी जाडी असली की चीर सरळ जाते. चीर पळायला लागली तर हात थांबवा आणि जाड बाजू आपल्याकडे ओढून वाकवा, चीर परत मध्यावर येते. गाठीजवळ जोर न लावता कोयता हलकेच पिळा.

नंतर प्रत्येक फाकेची आतली पांढरी, भुसभुशीत बाजू सोलून टाका. वापरायची ती बाहेरची, हिरव्या सालीची बाजू. आतली कोरडी पट्टी वाकवली की मोडते आणि किडाही आधी तिलाच लागतो.

उभ्या कांब्या १६ करा: लांबी ७५ सेंमी, रुंदी १० मिमी, जाडी साधारण १ मिमी. आडव्या चोयांची रुंदी ४ मिमी, जाडी उभ्या कांब्यांपेक्षा थोडी कमी आणि लांबी पूर्ण २ मीटर. भिंतीला सुमारे ३० मीटर चोय लागते, जोडांचं आणि मोडतोडीचं धरून २० चोया तयार ठेवा. विणण्याआधी सगळं अर्धा तास पाण्यात भिजवा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. रात्रभर भिजवल्या तर चोया फुगतात, आणि टोपली सुकल्यावर वीण सैल पडते.

तळासाठी ८ कांब्या शेजारी शेजारी मांडा, मध्ये ५ मिमी जागा सोडा. उरलेल्या ८ त्यांच्यातून एक वर एक खाली अशा काढा. साल बाहेरून दिसेल अशी मांडणी ठेवा. मधोमध १२ सेंमीचा चौकोन तयार होतो. पायाचा अंगठा त्यावर दाबून धरा, हात मोकळे राहतात.

आता बाहेर ३२ टोकं आली. एकच चोय एक वर एक खाली अशी गोल नेत राहिलात तर सम संख्येत दुसऱ्या फेरीला ती पहिल्याच फेरीच्या मागोमाग जाते आणि वीण धरत नाही. म्हणून एका टोकाची कांबी तळाच्या कडेपर्यंत मधोमध चिरा आणि तिचे दोन भाग वेगळे धरा. टोकं ३३ झाली. विषम झाली की चोय आपोआप अदलाबदलीने बसत जाते. नवशिक्यांची टोपली तिसऱ्या फेरीत अडते ती या एका चिरेवाचून.

पहिल्या चार-पाच फेऱ्या सपाटच विणा आणि कोपरे पंख्यासारखे पसरवत चौकोनाचा गोल करा. मग कांब्या ओल्या करून, गुडघ्यावर दाबून वर वळवा. एकदम काटकोनात वळवू नका, साल फुटते. पुढे सुमारे ४४ फेऱ्या होतात. दर तीन-चार फेऱ्यांनी चोया बोटांनी किंवा लाकडी पट्टीने खाली ठोकून घट्ट बसवा. चोय संपली की नवी चोय जुनीवर चार कांब्यांपर्यंत दुहेरी चालवा. सगळे जोड एकाच अंगाला आले तर तिथे फुगवटा येतो, म्हणून लांब-आखूड चोया मिसळून घ्या.

टोपलीचं तोंड रुंदावायचं की उभं ठेवायचं, हे चोय किती ओढता त्यावर ठरतं. जास्त ओढलं की टोपली आत झुकते. हातांना अंदाज येईपर्यंत ३० सेंमी व्यासाचं कडं करून वरच्या टोकांच्या आत बांधून ठेवा आणि त्याच्याकडे पाहत विणा.

काठाला एक कांबी सोडून एक, कांब्या विणीच्या बरोबरीने कापून टाका. उरलेल्या पुन्हा भिजवा, आत वळवा आणि खालच्या सात-आठ फेऱ्यांत खोचा. २ सेंमी रुंदीच्या दोन फाकांची कडी करा, एक आतून आणि एक बाहेरून लावा, आणि पातळ चोयेने दर दोन कांब्यांमागे आवळत बांधा. कड्यांची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे ती तासून निमुळती केली नाहीत तर काठ उंच-सखल राहतो. सावलीत तीन दिवस सुकवा. टोपली उन्हात सुकवली तर एका अंगाला कलते.

बुरुडांच्या हातांतून अशी टोपली किती चटचट उतरते ते एकदा समोर बसून पाहावं. सुरीचा कोन आणि चोय सोलताना दाताखाली एक टोक धरायची पद्धत वाचून येत नाही.

उरलेल्या कांड्या: एकट्या माश्यांची घरं

पोळं न करता एकटीच अंडी घालणाऱ्या माश्या आणि गांधीलमाश्यांच्या कुळातल्या कुंभारणी रानात पुष्कळ आहेत. पोकळ काड्या हीच त्यांची बाळंतिणीची खोली. बांबूच्या बारीक, पोकळ फांद्यांतून आतली पोकळी ४ ते १० मिमी भरेल अशा कांड्या निवडा. १५ ते २० सेंमी लांबीवर अशा कापा की मागच्या टोकाला गाठ येईल. दोन्ही तोंडं उघडी राहिली तर माश्या त्या वापरत नाहीत. तोंड सँडपेपरने घासा, कुसं राहिली तर पंख फाटतात. वेगवेगळ्या पोकळीच्या २०-२५ कांड्या काथ्याने घट्ट बांधा आणि पडवीच्या वाशाला, छातीच्या उंचीवर, तोंड पूर्वेला करून लावा. जुडी वाऱ्याने हेलकावे खाणार नाही अशी पक्की बांधा.

या कांड्यांना बोरॅक्स लावायचं नाही. ते कीटकनाशकच आहे.

थोड्या दिवसांनी तोंडं बंद झालेली दिसतील. पानांच्या गोल तुकड्यांचा बूच असेल तर ती पान कातरणारी माशी, आणि परसातल्या गुलाबाच्या पानांना पडलेल्या नीट चंद्रकोरींचा उलगडाही तिथेच होतो. मातीचा बूच बहुधा कुंभारणीचा, डिंकासारखा चिकट असेल तर तो राळ गोळा करणाऱ्या माशीचा. बंद झालेली कांडी उघडून पाहू नका. मुंग्या चढत असतील तर दोरीला तेलाचा बोळा गुंडाळा. सह्याद्रीच्या पावसात उघड्यावर लावलेली जुडी बुरशीने काळी पडते आणि आतल्या अळ्या मरतात, म्हणून पडवीशिवाय दुसरी जागा नकोच. दोन वर्षांनी रिकाम्या झालेल्या कांड्या बदला, जुन्यांत परजीवी कोळीकिडे साठतात.

दयाळासाठी पेटी

दयाळाची वीण फाल्गुन-चैत्रापासून सुरू होते. पेटी तेव्हा लावली तर उशीर झालेला असतो. मार्गशीर्षात लावलेली पेटी दोन-तीन महिने वारा-दव खाते, नव्या लाकडाचा वास जातो आणि पक्ष्याच्या नजरेची होते.

१८ मिमी जाडीची, २३ सेंमी रुंदीची, पावणेदोन मीटर लांब आंब्याची किंवा खोक्याची जुनी फळी पुरते. प्लायवूड पहिल्याच पावसात सुटतं, पत्र्याची पेटी उन्हात भट्टी होते. तुकडे असे: मागची फळी १८६ × ४२० मिमी, पुढची १८६ × २४० मिमी, तळ १५० × १५० मिमी, छप्पर २३० × २२० मिमी. दोन बाजू १५० मिमी रुंद, मागे २७० आणि पुढे २४० मिमी उंच, म्हणजे छपराला उतार आपोआप मिळतो. तळाला कोपऱ्यांजवळ ६ मिमीची चार भोकं पाडा आणि तळ बाजूंच्या कडेपासून ५ मिमी वर घेऊन ठोका, म्हणजे पावसाचा ओघळ आत शिरत नाही. पुढच्या फळीला तळापासून १८० मिमीवर ५० मिमीचं गोल भोक पाडा. त्या फळीच्या आतल्या बाजूला करवतीने आडव्या रेघा मारा. गुळगुळीत फळीवर पिल्लांचे पाय ठरत नाहीत आणि ती वर चढून बाहेर येऊ शकत नाहीत.

छपराची मागची कड आणि पाठफळी यांच्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका. बिजागरी आणि पाणीरोधक पट्टी, दोन्हींचं काम ती करते. पुढून आकडा लावा, दर वर्षी साफ करायला छप्पर उघडलं पाहिजे. आत रंग किंवा व्हार्निश अजिबात नको. भोकाखाली बसायला दांडी लावायची हौस आवरा. दयाळाला तिची गरज नसते, कावळ्याला आणि मांजराला मात्र तिचा आयता आधार मिळतो.

पेटी जमिनीपासून २ ते ३ मीटरवर, भिंतीला किंवा सरळ खोडाला लावा. कोकण-घाटातला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला आणि पेटी किंचित पुढे कललेली असू द्या. झाडाला खिळे ठोकू नका. ट्यूबच्या तुकड्यातून ओवलेल्या तारेने बांधा आणि खोड वाढेल तशी तार दर वर्षी सैल करा. एका परसाला एक पेटी पुरे. नर आपली हद्द इतकी जपतो की शेजारची दुसरी पेटी दयाळापुरती रिकामीच राहते.

५० मिमीच्या भोकात साळुंकीही शिरते आणि पुष्कळदा जिंकते. यावर उपाय नाही. रामगंगेसारख्या लहान पक्ष्यांसाठी ३० मिमी भोकाची, १२० मिमी तळाची आणखी एक लहान पेटी केली की तीत तरी साळुंकी घुसत नाही.

दर कार्तिकात पेटी साफ करा. उघडण्याआधी काठीने ठोका. गांधीलमाश्यांनी आत घर केलेलं असतं, कधी साप, कधी पाल. पिंगळा झोपलेला दिसला तर छप्पर हलकेच लावून खाली उतरा, ती पेटी आता त्याची. एरवी जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता आणि उघडी ठेवून वाळवा. कीटकनाशक मारू नका.

पाचोळा आणि पाणी

बेटाखालचा पातेरा जाळू नका. त्यात बेडूक, सापसुरळ्या, फुलपाखरांचे कोश दडलेले असतात, आणि कस्तुराचं पोट त्यावरच चालतं. घर, गोठा आणि गवताच्या उडवीभोवती मात्र पौषाआधी ३ मीटरचा पट्टा झाडून स्वच्छ करा. वणव्याचे दिवस पुढे येतात. झाडलेला पाचोळा सावलीत मीटरभर लांब-रुंद ढिगात रचा, पावसाळ्यापर्यंत निम्मं खत होतं.

पाण्यासाठी मातीची पसरट परात घ्या. कडेला पाणी बोटभर आणि मध्ये ५ सेंमीपेक्षा जास्त नको. एक खडबडीत दगड ठेवा. झुडपापासून २ ते ३ मीटर लांब मांडा, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला आडोसाही गाठता येतो. पाणी रोज बदला आणि दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासा. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

रात्री कोण आलं होतं

मार्गशीर्षातलं दव ठशांना फार चांगलं. कुंपणातल्या ज्या फटीतून प्राणी येतात तिथे १ मीटर × ६० सेंमीचा पट्टा साफ करा आणि तांदळाच्या चाळणीने चाळलेली फुफाटा माती त्यावर २ सेंमी जाड पसरा. संध्याकाळी बांबूच्या सरळ फाकेने सपाट करा. कसलंही आमिष ठेवू नका. खाण्याची सवय लागलेला रानडुक्कर पुढे शेतात उतरतो, आणि घराजवळ पडलेल्या मांसावर बिबट्या येतो.

सकाळी ऊन तिरपं असताना पाहा, ठशांच्या कडा तेव्हाच उठून दिसतात. गोल ठसा, चार बोटं, नखांची खूण नाही आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाई, म्हणजे मांजरकुळ. नखं उमटलेली असतील आणि ठसा लांबट असेल तर कुत्रा किंवा कोल्हा. उदमांजराची पाच बोटं दिसतात. दोन अणकुचीदार, चिमुकले खूर भेकराचे. खुरांच्या मागे बाजूला आणखी दोन ठिपके असले तर रानडुक्कर. साळिंदराच्या ठशांजवळ काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा असतात. त्याचा गळलेला काटा सापडला तर तिथेच राहू द्या, वन्यप्राण्यांच्या अवयवांचा व्यवहार कायद्याने बंद आहे.

ठसा जपायचा तर बांबूच्या सालीची ४ सेंमी उंच कडी त्याच्याभोवती रोवा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरत घाला. पाणी पावडरीत ओतलं तर गुठळ्या होतात. पातळ भज्याच्या पिठासारखं झालं की लगेच, ठशावर थेट न ओतता शेजारून, चमच्यावरून वाहू द्या. २० ते ३० मिनिटांनी उचला, दिवसभर वाळवा, मगच ब्रशने माती झाडा. भांडं मोरीत धुऊ नका, उरलेलं प्लास्टर नळीत दगड होऊन बसतं.

हातभर अंतरावरून मांजरासारखा दिसणारा पण ७ सेंमीहून रुंद ठसा मिळाला तर तो बिबट्या धरून चाला. संध्याकाळनंतर परसात दिवा असू द्या, कुत्रं आणि कोंबड्या बंद खुराड्यात ठेवा, लहान मुलांना एकटं बाहेर पाठवू नका आणि वाकून करायची कामं उजेडातच उरका. ऊसतोडीच्या दिवसांत शेतात बछडे सापडले तर उचलू नका, गर्दी करू नका, माणसं लांब घ्या आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. मादी जवळच असते आणि रात्री त्यांना घेऊन जाते.